इथली रीत

सिस्टर भिंतीकडे तोंड करून जेवत. वॉर्डाच्या टोकाला सामानाची एक अरुंद खोली होती. तिथे स्टुलावर बसून, आमच्याकडे पाठ करून, डबा मांडीवर ठेवून. डब्यात बहुतेक दिवस वरणभात, कधी वांग्याची भाजी. दहा मिनिटांत जेवण उरकायचं, डबा धुवायचा, टोपी सारखी करायची आणि परत वॉर्डात. पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, बाई घमेंडखोर असावी. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, डब्यात दाखवण्यासारखं काही नसावं. खरं कारण फार साधं होतं, पण ते कळायला वेळ गेला.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार. नागपुरातल्या ज्या दवाखान्यात आम्ही शिकत होतो त्याचं नाव घेत नाही. आम्हा सात मुलींची पाळी हाडांच्या वॉर्डात लागली आणि तो वॉर्ड या सिस्टरांचा होता. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, बांधा बारीक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. लग्न केलेलं नव्हतं. सदर भागात एका बेकरीच्या मागे एक खोली घेऊन राहत. एवढंच आम्हाला माहीत होतं, आणि पुढे फार काही जास्त कळलं असंही नाही.

पहिल्या दिवशी आम्ही वह्या उघडून रांगेत उभ्या राहिलो. इतर वॉर्डांत तसंच करायचं असायचं. सिस्टरांनी एकेकीच्या वहीकडे पाहिलं.

"ह्या ठेवून द्या," त्या म्हणाल्या. "कानानं ऐकलं अन् वहीत लिहिलं का माणूस मोकळा होते. डोळ्यानं पाहा. माह्या हाताकडे पाहा."

एकीनं विचारलं, "सिस्टर, ड्रेसिंगच्या आधी नेमकं—"

"विचारू नको वं. पाह्य."

चार महिन्यांत त्यांनी आम्हाला शिकवण म्हणून दहा वाक्यंही सांगितली नसतील. त्या काम करत, आम्ही मागे उभ्या. हात धुताना कोपरापर्यंत कसा साबण न्यायचा, चिमटा कसा धरायचा, म्हाताऱ्याला उठवताना आपला गुडघा कुठे टेकवायचा. दोन दिवस त्या करायच्या, तिसऱ्या दिवशी न बोलता बाजूला व्हायच्या. मग ज्या मुलीच्या समोर ट्रे असेल तिनं करायचं. चुकलं तर त्या तिच्या हातातून चिमटा घ्यायच्या, पुन्हा स्वतः करून दाखवायच्या आणि परत द्यायच्या. रागावणं नाही, शाबासकीही नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. पेशंटला हात लावण्याआधी त्या काय करणार ते त्याला सांगत. "बाबा, आता पाय उचलते हं." "आता थंड लागन थोडं." शुद्धीवर असलेल्याला सांगत, तसंच बेशुद्धालाही. डोक्याला मार लागलेला एक माणूस तेव्हा अकरा दिवस बेशुद्ध होता, त्याची कूस बदलताना रोज, "भाऊ, आता भिंतीकडं तोंड करून देते हं." आम्ही सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायचो. महिन्याभरानं सुट्टीला घरी गेले आणि पाळण्यात झोपलेल्या भाचीला उचलताना माझ्या तोंडून निघालं, "आता उचलते हं." आई भाकरी थापता थापता थांबून माझ्याकडे पाहत राहिली.

आमची वस्ती गिरणी कामगारांची. बाबा गिरणीतच होते. आमच्या बौद्ध दीक्षेला दहा-अकरा वर्षं झालेली, शिकायचं ही गोष्ट घराघरात बोलली जात होती, पण मुलीनं होस्टेलवर राहून शिकणं नवं होतं. नर्सिंगला गेलेली वस्तीतली मी पहिली. माझ्यामागे चार मुली तयारीत होत्या, आणि चौघींचे बाप माझ्याकडे डोळे लावून बसले होते. मी टिकले तर त्या जाणार, मी परत आले तर त्यांची लग्नं. मी घरी गेले की त्या चौघी येऊन बसत आणि माझी साडी, माझं बोलणं, माझं चहा पिणं बघत. मला त्याचा कंटाळा यायचा. सिस्टरांना काय होत असेल ते मला तेव्हा सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही.

सिस्टरांचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर असे. लहानपणी झाडावरून पडल्या होत्या म्हणे. एकदा डोळ्यांच्या वॉर्डात काही सामान पोचवायला आम्ही तिघी गेलो, तर तिथले डॉक्टर हसून म्हणाले, "हाडांच्या वॉर्डातल्या का? तिघींचेही खांदे वाकडे आहेत." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खरंच होतं. परत येऊन आम्ही ते सिस्टरांना गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दिवसभर मधून मधून उजव्या हातानं डावा खांदा खाली दाबताना दिसत होत्या.

"हे बी उचलान तुम्ही, मले काय ठाऊक," संध्याकाळी जाताना एवढंच म्हणाल्या.

एका रविवारी मी सदरमध्ये मैत्रिणीबरोबर गेले होते. खाण्याच्या एका हातगाडीसमोर सिस्टर उभ्या होत्या. साधं लुगडं, टोपी नाही. हातातल्या पानावर आलूबोंडा, बोटांवरून रस्सा ओघळतोय, आणि त्या गाडीवाल्याला मोठ्यानं सांगत होत्या, "काय गा, मिरच्या संपल्या का गावातल्या? हे काय पेशंटचं जेवण आहे का?" गाडीवाला हसत होता, त्याही हसत होत्या. सिस्टरांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. तोंडात घास होता तो त्यांना गिळवेना.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काल तू मले पाह्यलं नाही. समजलं?"

"हो सिस्टर."

त्याच आठवड्यात मी जेवणाच्या वेळी सामानाच्या खोलीत गॉज आणायला गेले. भिंतीकडे तोंड, डबा मांडीवर. न वळता त्या म्हणाल्या, "काय पाहिजे?"

"गॉज."

"घे अन् जाय. जेवतानी तरी पाहू नको वं मले. सकाळपासून चौदा डोळे पाठीवर राह्यतात. माणसाले खाजवता येत नाही."

हे होतं कारण. मला हसू आलं. मुलींना सांगितलं तेव्हा त्याही हसल्या. बाई थकलेली आहे हे कोणाच्याच मनात आलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला तिशीचा एक शेतकरी वॉर्डात आला. रामटेकच्या अलीकडचं गाव. बैलगाडीचं चाक पायावरून गेलेलं. बरोबर फक्त म्हातारी आई. ती पलंगाखाली गोणपाटाचं चवाळं टाकून राहायची, आणि दिवसातून दहा वेळा एकच गोष्ट विचारायची. डॉक्टरला, आयाला, झाडूवालीला, आम्हाला, ज्याचा पाय दिसेल त्याला. "बाई, माह्या पोराचा पाय बरा होईन न?" आम्ही "हो हो" म्हणून पुढे जायचो. सिस्टर मात्र दरवेळी थांबत. उकिडव्या बसत, तिच्या डोळ्यांत बघत, आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगत, "हाड जुळून राह्यलं मायबाई. टाइम लागन." मग आम्हीही थांबायला लागलो. उकिडव्या बसायला लागलो. आमच्यातली एक अत्यंत चिडखोर मुलगी होती, तीसुद्धा बसायची.

उन्हाळा वाढला. दोन नर्सेस रजेवर, एक आजारी. सिस्टर सलग दोन-दोन पाळ्या करत होत्या. वॉर्डातले पंखे गरम वारा फेकत होते. एका दुपारी सिस्टर सलाईनची बाटली लावत असताना म्हातारीनं खालून त्यांच्या साडीला हात लावला. "बाई, माह्या पोराचा—"

"किती वेळा सांगू?" सिस्टर ओरडल्या. "कान नाहीत का तुले? इचारू नको आता काही!"

म्हातारीनं हात काढून घेतला. सिस्टरांनी बाटली लावली, तक्त्यावर लिहिलं आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, एवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीनं मला विचारलं. मी थर्मामीटर घेऊन घाईत होते. माझ्या तोंडून आलं, "किती वेळा सांगू? कान नाहीत का तुले?" अगदी तोच सूर. खांदाही तसाच वर गेला असणार. संध्याकाळी दुसऱ्या मुलीनं तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी आणखी एकीनं. उकिडवं बसायला आम्हाला दीड महिना लागला होता, आणि हे एका दुपारच्या बघण्यात आलं. सिस्टरांच्या कानावर यातलं काही गेलं नाही. त्या समोर असत तेव्हा आम्ही नीट वागायचो.

म्हातारी विचारायची बंद झाली. आम्हाला बरंच वाटलं.

आठवड्यानं तिच्या मुलाचं प्लॅस्टर बदललं. संध्याकाळी नवं घातलं, रात्री दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तो गुंगीत. सकाळची पाळी माझी. नव्या प्लॅस्टरखाली पाय सुजतो, म्हणून बोटं तासातासाला बघायची असतात. गरम आहेत का, हलतात का, रंग कसा आहे. सातला मी पाहिलं. ठीक होतं. आठला पाहिलं नाही, पण तक्त्यावर 'ठीक' लिहिलं. नऊला, दहाला, अकरालाही तसंच. वॉर्डात एकोणतीस पेशंट होते आणि आम्ही दोघी. हे कारण आहे, ते खरंही आहे, पण त्यानं काही बदलत नाही. न बघता लिहिणं मी कोणाचं पाहून शिकले नव्हते. ते माझं स्वतःचं होतं.

बाराला सिस्टर ऑपरेशन थिएटरमधून परतल्या आणि दारातूनच त्यांना दिसलं. म्हातारी पलंगाच्या पायथ्याशी बसून मुलाची बोटं पदरानं चोळत होती. चोळायची, फुंकर घालायची, पुन्हा चोळायची. सिस्टर धावल्या. त्यांना धावताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बोटं काळीनिळी, बर्फासारखी गार. डॉक्टरला बोलावलं, प्लॅस्टर कापलं. पाय वाचला. दोन बोटं मात्र पुढे काढावी लागली.

सगळं आवरल्यावर सिस्टर म्हातारीजवळ गेल्या. आम्ही मागे उभ्या.

"कधीपासून गार होते बोटं?"

"सकाळपासून बाई. चहा आलता तवापासून."

"मंग सांगतलं काहून नाही? एवढ्या पोरी आहेत इथं!"

म्हातारी घाबरून गेली. "तुमीच तं म्हटलं न बाई, इचारू नको म्हून."

"मी एकडाव म्हटलं, माय. एकच डाव."

"तुमी एकडाव," म्हातारी म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "मंग या पोरीनं म्हटलं. मंग त्या उंच पोरीनं. मंग त्या चष्मेवालीनं. मले वाटलं, इथली रीतच हाय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या देवळात चपला बाहेर काढायच्या असतात, तसं तिनं ते मानून घेतलं होतं.

सिस्टर आमच्याकडे वळल्या नाहीत. वळल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला आज बरं वाटलं असतं. त्या फरशीवर बसल्या, उकिडव्या नाही, मांडी घालून. म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "रीत नाही मायबाई. माही चूक आहे. माफ कर." म्हातारी "असं नका करू बाई, असं नका करू" म्हणत राहिली. आम्हाला कुठे बघावं कळेना. आयासुद्धा बादली हातात घेऊन तशीच उभी होती.

दोन दिवसांनी मेट्रननं सिस्टरांना आणि मला खोलीत बोलावलं. टेबलावर तो तक्ता होता. आठ, नऊ, दहा, अकरा. चारही ओळींसमोर माझी सही. मी उभी होते आणि डोळ्यांसमोर त्या चार मुलींचे बाप दिसत होते.

मेट्रन म्हणाल्या, "सही हिची आहे. हिला काढावं लागेल."

"वॉर्ड माहा आहे," सिस्टर म्हणाल्या.

"ते ठीक आहे, पण तक्ता हिनं भरला."

"एकोणतीस पेशंटवर दोन पोरी मी ठेवल्या. पेशंटच्या आईचं तोंड मी बंद केलं. तिनं सांगतलं असतं तर आठलाच कळलं असतं. चूक माही, असं लिहून घ्या. मी सही करते."

मेट्रननं माझ्याकडे पाहिलं. "तुला काही सांगायचं आहे?"

मी मान खाली घातली. मी बोलले नाही. सांगायला पुष्कळ होतं, एका वाक्यात सांगता आलं असतं. आज इतक्या वर्षांनी मी ते इथे लिहिते आहे, पण त्या खोलीत सांगायला हवं होतं.

सिस्टरांचा वॉर्ड काढून घेतला. त्यांना कपड्यांच्या खोलीत टाकलं. धोब्याकडून आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. घड्या घालायच्या, फाटके बाजूला काढायचे, वॉर्डावॉर्डांत पाठवायचे. हाताखाली एकही मुलगी नाही. बावीस वर्षं पेशंट सांभाळलेल्या बाईला ही शिक्षाच होती, असं सगळे म्हणत. मी कितीतरी दिवस त्या बाजूला फिरकले नाही. गेले तेव्हा त्या चादरींच्या ढिगाला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या.

"ये," म्हणाल्या. "बस त्या गाठोड्यावर."

मी रडायला लागले. माफी मागायला लागले. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं, मग एक फाटका अभ्रा माझ्याकडे फेकला. "नाक पूस. अन् हे पाह्य, परीक्षा जवळ आली. नापास झाली तं मंग माह्याशी गाठ आहे."

मी पास झाले. त्या चारपैकी तीन मुली पुढच्या दोन वर्षांत नर्सिंगला आल्या. चौथीचं लग्न झालं, ते वेगळ्या कारणानं.

दिवाळी झाल्यावर सिस्टरांचा निरोप आला: रविवारी रामटेकच्या गाडीला ये. कुठे जायचं ते सांगितलं नव्हतं. एस.टी.नं गेलो, मग मैलभर पायी. धान कापून झालं होतं, शेताच्या बांध्यांमध्ये भारे पडले होते. तो शेतकरी बांधावर उभा होता, काठी घेऊन, मजूर बायकांना काही सांगत. चालताना पाय ओढत होता. आम्हाला पाहून त्यानं आईला हाक मारली. म्हातारीनं आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, नव्या तांदळाचा भात रांधला आणि सिस्टरांच्या ताटात वाढतच राहिली. पायाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. निघताना तो म्हणाला, "बाई, चालता येते. नांगर धरता येत नाही, पण लहान भाऊ आहे." त्यानं आम्हाला धीर दिला, असंच म्हणायला हवं. म्हातारीनं पायलीभर तांदूळ फडक्यात बांधून दिले. सिस्टर नाही म्हणत होत्या, पण घ्यावे लागले.

परतीच्या गाडीत आम्हाला मागची जागा मिळाली. तांदळाचं गाठोडं सिस्टरांच्या मांडीवर. कामठी मागे पडली. मी म्हणाले, "सिस्टर, तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. मीही कोणासाठी तरी तसंच करीन."

त्यांनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"तुले वाटते, मी तुह्यासाठी सही केली."

"मग?"

"केली असन थोडी तुह्यासाठी. पण खरं सांगू का? मले सुटायचं होतं वं. बावीस वर्षं झाली. मी हात कसा धुते ते पाहा, मी कशी बोलते ते पाहा, मी कशी उभी राह्यते ते पाहा. एक दिवस तोंडातून वाकडं निघालं तं पोरींनी उचललं अन् त्या माउलीच्या पोराचे बोटं गेले. आता असं कसं जगावं माणसानं? मेट्रनच्या खोलीत मनात आलं, सही केली का सुटलो. केली." गाठोडं मांडीवर सारखं करत त्या म्हणाल्या, "चादरी माह्याकडं पाहत नाहीत. बरं वाटते."

मी त्यांना फार मोठं मानून बसले होते आणि त्यांनी ते चार वाक्यांत उतरवून ठेवलं. की मला हलकं वाटावं म्हणून त्या तसं म्हणाल्या? मी पुष्कळदा विचार केला आहे. ठरवता आलेलं नाही.

सदरला त्यांना उतरायचं होतं. गाठोडं सावरत त्या उठल्या, आणि दांडा धरून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे तेवढं शिकू नको. वॉर्ड सोडू नको."

"नाही सोडणार," मी म्हणाले.

सोळा वर्षं मी वॉर्ड सांभाळला. माझ्या हाताखालून किती मुली गेल्या त्याची मोजदाद नाही. पेशंटवर मीही खेकसले, अनेकदा. दरवेळी त्याच दिवशी, त्याच मुलींसमोर परत जाऊन चुकले म्हणाले. एकदा एक मुलगी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही माफी मागता तेव्हा आम्हाला लाज वाटते." मी म्हटलं, मलाही वाटते, सवय होत नाही.

मग एका मार्च महिन्यात, ऊन नुकतं तापायला लागलं होतं, मी मेट्रनच्या खोलीत गेले आणि कपड्यांच्या खोलीत बदली मागितली. चौकशी नव्हती, तक्रार नव्हती, कोणाची बोटं गेली नव्हती. मेट्रन माझ्याहून लहान होती, माझ्याच वॉर्डात शिकलेली. तिनं कारण विचारलं. मी म्हणाले, थकले. तिनं अर्ज घेतला, वाचला, आणि सही करण्याआधी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, वॉर्डात शिकताना माझ्या हाताकडे बघायची तशी.